काचघराशेजारचा भात

नव्या भाताच्या वासावर माझा कधी विश्वास बसला नाही. तो असा गोड येतो की जेवून उठलेल्या माणसालाही भूक लागावी, आणि शिजवायला घेतला की पातेल्यात गोळा होऊन बसतो. आई म्हणायची, नवा तांदूळ आणि नवा जावई, दोघांनाही निदान एक दिवाळी ओलांडू द्यावी, मग काय ते बोलावं. हसत बोलायची, पण नवा तांदूळ डब्याच्या तळाशी ठेवून आधी जुनाच संपवायची.

परवा कॉलेजच्या कामासाठी डहाणूहून तलासरीला निघाले होते. यंदा पाऊस जाता जात नाहीये. भात काही उभा, काही पाण्यात लोळलेला, काही कापून बांधावर पसरलेला. एसटीच्या खिडकीतून तो वास आत आला. शेजारची बाई फोनवर गुजरातीत कुणाला तरी सांगत होती की दाणा भिजला, आता काळा पडणार. माझं लक्ष उजव्या हाताला होतं. एका वळणानंतर तिथं काचघर दिसायचं. आता काचा नाहीत, नुसता लोखंडी सांगाडा, आणि त्यावर दोडक्याचा वेल चढलेला. माझ्या मनात आलं, हा कुणी लावला, की आपोआप उगवला? आणि आपोआप उगवला असेल तर कशातून? वेलाला छान पिवळी फुलं होती, पण मला ती नीट बघवली नाहीत.

हा शंकेखोरपणा घरचाच. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. दिवा हिरवा दिसतो तो खरंच हिरवा आहे का, हे तपासायचाच त्यांना पगार मिळायचा. घरीही ते ड्युटीवरच असत. दुधात बोट बुडवून बघत, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघत, आणि मी पहिली आले तेव्हा आधी विचारलं, "वर्गात मुलं किती होती?" अशा घरातली मुलगी जीवशास्त्राकडे वळली यात नवल काही नाही. संशय घेण्याबद्दल शाबासकी मिळेल असं दुसरं शिक्षण मला तरी माहीत नव्हतं.

२०१६ च्या पावसाळ्यात मी त्या काचघराच्या केंद्रात संशोधन सहायक म्हणून लागले. केंद्र कसलं, दोन खोल्यांची लॅब, मागं काचघर, आणि भोवती तारेचं कुंपण. कुंपणाला लागूनच पाड्यातल्या लोकांची शेतं. आमचं काम म्हणजे भाताच्या रोपात एका जंतूचं जनुक घालायचं. कसं, ते सांगते. जंतूच्या पोटात त्याच्या मुख्य डीएनएखेरीज एक लहानशी गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. बांगडीसारखी समजा. ती एका जागी कापायची, हवा तो तुकडा तिथं सांधायचा आणि पुन्हा गोल करायची. मग ती मातीतल्या एका दुसऱ्या जंतूला द्यायची. हा दुसरा मोठा बिलंदर. झाडाच्या जखमेतून आपला तुकडा थेट झाडाच्या डीएनएत घुसवायची त्याची उपजत खोड. त्या घरफोड्याच्या पिशवीतला माल तेवढा आम्ही बदलायचो.

आमचा माल होता माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका साध्या जंतूचं जनुक. त्याचा उपयोग एवढाच, की ते जिथं जागं असेल तिथं एका ठरावीक द्रावणात निळा रंग उमटतो. भाताची मुळं पाण्यात बुडाली की रोपाच्या कोणत्या भागात कोणतं बटण चालू होतं, हे आम्हांला शोधायचं होतं. बटणाला हे निळं जनुक जोडलं की बटण दाबलं गेल्याची खूण डोळ्यांना दिसते. तो भात खाण्यासाठी नव्हताच. काम झालं की रोपं, माती, सगळं वाफेवर उकडून मग जाळून टाकायचो. त्या उकडलेल्या रोपांचा वास पालेभाजी करपल्यासारखा यायचा, आणि दिवसभर ओढणीतून जायचा नाही.

आणि तो निळा रंग! संध्याकाळी पातीचे तुकडे द्रावणात बुडवून अंगाच्या उबेइतक्या गरम पेटीत ठेवायचे. सकाळी दारूसारख्या वासाच्या स्पिरिटमध्ये टाकले की पातीचा हिरवा रंग हळूहळू उतरायचा, पात पांढरी फटक पडायची, आणि त्या पांढऱ्यावर निळी रेघ राहायची. शाळेच्या सदऱ्यावर शाई सांडावी तशी. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आनंदानं उडीच मारायची बाकी होती. आमचे सर मात्र हसले नाहीत. ते केंद्राचे प्रमुख, पुण्याकडचे, उंच आणि मोजकं बोलणारे. पाड्यातली माणसं त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायची आणि कधीकधी कुणी दुखरा गुडघाही दाखवायला आणायची. सर म्हणाले, "निळं दिसलं की खूश व्हायचं नाही. आधी विचारायचं, हे झाडाचं निळं आहे, की जंतूचं?" कारण तो घरफोड्या पातीत चिकटून राहिलेला असू शकतो. मातीतले दुसरे जंतूही असतात, त्यांच्याकडे मुळातच असलं जनुक असतं. म्हणून प्रत्येक वेळी, ज्या रोपाला हातही लावलेला नाही त्याची पातसुद्धा सोबत बुडवायची.

केंद्रात कुंड्या धुवायला, माती चाळायला लखमीमावशी यायची. पन्नाशीची असेल, बांधा काटक, आणि बोलणं डोळे बारीक करून. माझ्याशी बोलताना ती आपली बोली जरा बाजारच्या मराठीकडे वळवायची. कुंपणाला अगदी लागून जो भाताचा तुकडा, तो तिचा. तिनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "बाय, तुमचा भात कुलपात आन आमचा उघड्यावर. असं काय हाय त्याच्यात?" मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगली वस्तू असती तं कुलूप कशाला लावला असता?"  माझे बाबा तिथं असते तर त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली असती.

तिच्या संशयाला धरायला जागाही होती. श्रावणातल्या एका वादळात काचघराची एक काच तडकून खाली आली. नवी येईपर्यंत तिथं प्लास्टिक बांधलं होतं, आणि ते फडफडायचं. सर म्हणाले, रोपं अजून लहान आहेत, फुलोरा नाही, पराग नाही, बाहेर जाण्यासारखं काही नाही. खरंच होतं ते. पण दुपारी जेवताना त्या प्लास्टिकची फडफड ऐकू यायची आणि माझा घास जरा जास्तच वेळ तोंडात घोळायचा.

मग लवकर येणारा हळवा भात पिकला. कापणीच्या दिवसांत पाड्याकडून विळ्यांचा खसखस आवाज यायचा, पेंढ्याची धूळ उन्हात तरंगायची, अंगाला खाज सुटायची. बांधावर सुक्या बोंबलाचं कालवण आणि नाचणीची भाकरी. नव्या दाण्याला मात्र कुणी तोंड लावत नव्हतं. त्या पाड्यावर दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला शिवेवरच्या वाघदेवाजवळ सगळ्यांचा मिळून भात शिजतो. प्रत्येक घरातून नवे तांदूळ जायचे, एका हंड्यात पडायचे, देवाला दाखवायचे. त्यानंतरच घरोघरी नवं खायचं. ज्याचे तांदूळ त्या हंड्यात पडले नाहीत, त्याच्या घरचं नवं झालंच नाही. म्हणजे घरात धान्य असून चूल जुन्यावर, आणि शेजारीपाजारी तुमच्याकडे पाणीही प्यायचे ते विचार करून.

वाघबारशीच्या थोडं आधी लखमीमावशी लॅबच्या दाराशी आली. कनवटीतून तिनं भाताची पात काढली. "माझ्या भाताला तं नाय ना लागलं तुमचं? तेवढं निलं करून बघ." पाड्यात कुजबूज सुरू झाली होती, लखमीचा भात काचघराचा भात आहे म्हणून. मला वाटलं, बरंच झालं. पात पांढरी राहील, ती सगळ्यांना दाखवेल, विषय संपेल.

पातीवर निळे ठिपके आले.

आमच्या रोपांवर यायची तशी गडद रेघ नव्हती. कापलेल्या कडेला चारदोन फिके ठिपके. मला ठाऊक होतं की हे मातीतल्या जंतूंचं निळं असणार. तरी शंका आलीच. माझेच हात खराब असतील का? ते प्लास्टिक? सर जे सांगतात ते सगळं सांगतात का? एका क्षणात मी लॅबमधून उठून पाड्यात जाऊन बसले होते, मनानं. लखमीमावशीनं ती पात ठेवलेली काचेची नळी हातात घेतली. नळी उजेडात धरून बघत राहिली, मग म्हणाली, "हा तुमचा जंतू कुठला गं?" मी खरं ते सांगितलं, माणसाच्या पोटातला. तिचा चेहरा असा झाला की मला अजून आठवतो. "म्हंजे हागणदारीतला किडा देवाच्या भातात?"

मी तिला म्हटलं, थांब, दूरच्या भाताची पात आण, जिथं आमचा वाराही पोचणार नाही. तिचं माहेर सायवनचं. ती दुसऱ्या दिवशी जीपनं जाऊन भावाच्या शेतातली पात घेऊन आली, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी नव्या नळ्या काढल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. सायवनच्या पातीवरही तसेच ठिपके आले. माझा जीव भांड्यात पडला. हाच तर पुरावा! जे इथं आहे ते तिथंही आहे, म्हणजे आमचा त्यात हात नाही.

लखमीमावशीनं कपाळावर हात मारला. "म्हंजे तठंवर गेलं!"

या वाक्याला उत्तर मी आजही शोधते आहे. पुस्तकात आहे, पण ते पुस्तकाला पटतं. आमच्या या पट्ट्यात 'काही होणार नाही' म्हणत कितीजण आले. मोजणीवाले आले, खांब रोवून गेले. वाढवणला बंदराचं बोलणं निघालं तेव्हापासून तिथली कोळीण अनोळखी गाडी दिसली की टोपली खाली ठेवून आधी नंबर बघते. परका माणूस जितका गोड बोलेल तितका तो वाईट, असं इथली मुलं चालायला लागायच्या आधी शिकतात. मी डहाणूची, चिकूच्या वाड्यांतून सायकल चालवत मोठी झालेली, तरी काचघराच्या फाटकातून आत जायचे म्हणून मीही परकीच. आणि मजा अशी, की मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

सरांनी मला झापलं नाही. म्हणाले, "रंगावर भांडू नका, तुकडा शोधा." तिच्या भाताचा डीएनए काढून आमच्या बांगडीतला तो सांधलेला तुकडा त्यात आहे का, हे यंत्रावर बघितलं. त्याच्या काळ्या फोटोत प्रत्येक नमुन्याची एक रांग असते, आणि तुकडा असेल तिथं पांढरी रेघ उमटते. आमच्या रोपाच्या रांगेत ठसठशीत रेघ आली. लखमीमावशीच्या रांगेत काही नाही. सायवनच्या रांगेत काही नाही. मी तिला खोलीत बोलावून तो फोटो दाखवला. "ही बघ, ही आमची रेघ. आणि ही तुझी जागा, यात काहीच नाही." तिनं त्या काळ्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. "काय नाय तं दाखवतीस काय?" म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. निळा ठिपका तिनं डोळ्यांनी पाहिला होता, आणि मी तिला सांगत होते की त्याच्यापेक्षा या काळ्या जागेवर विश्वास ठेव. वर ठिपक्याची गोष्ट तिनं फक्त आपल्या जावेला सांगितली होती, म्हणजे ती सगळ्या पाड्याला ठाऊक होती.

वाघबारस गुरुवारी आली. पाड्याचे जाणते जिवाबाबा सरांना बोलवायला स्वतः आले. सरांनी यावं, दोन शब्द बोलावेत. सर आले. शिवेवर शेंदूर फासलेला लाकडी वाघदेव, त्याच्यावर कोरलेले चंद्र-सूर्य, भोवती काकड्या, नारळ, धूप. तीन दगडांवर मोठा हंडा चढलेला. बायका एकेक करून टोपलीतले तांदूळ आणत होत्या. लखमीमावशीची पाळी आली तेव्हा हंड्याजवळचे लोक नुसतेच उभे राहिले. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी टोपलीही घेतली नाही. ती टोपली कमरेवर टेकवून उभी राहिली. मला फार राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

सर बोलले. चांगलं बोलले. या बाईचा भात तपासला आहे, त्यात आमचं काही नाही, निर्धास्त राहा. जिवाबाबांनी मान हलवली. मग लखमीमावशीचे थोडे तांदूळ वेगळ्या लहान भांड्यात शिजवायला सांगितले. शिजल्यावर पळसाच्या पानावर वाढले, वर गूळ ठेवला, आणि पान सरांपुढे धरलं. "सायेब, आदी तुमी घ्या. मग हंड्यात टाकतो."

सर दोन पावलं मागं सरले, हात जोडले. "अहो बाबा, आज माझा गुरुवार असतो. नाहीतर नक्की घेतलं असतं."

 धूप जळत होता. मागच्या बाजूला एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. जिवाबाबांचा पान धरलेला हात तसाच पुढं होता.

सरांचा गुरुवार खरंच असायचा का? तेव्हापासून मी किती वेळा आठवून बघितलं आहे. गुरुवारी ते बहुतेक मुंबईला बैठकीला जायचे. एकदा गुरुवारी त्यांनी माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी घेतली होती. पण खिचडी तर मीही उपासाशिवाय खाते. माणूस सज्जन होता. कामात कधी खोट सापडली नाही. तरी त्यांचा विषय निघाला की माझं मन त्या पानापाशी जाऊन थांबतं. उपास खरा असेल तर मी त्यांच्यावर केवढा अन्याय करते आहे! आणि खोटा असेल तर?

पान मी घेतलं. शूरपणा नव्हता तो, मला लखमीमावशीची ती टोपली बघवत नव्हती. सगळ्यांच्या देखत बसून मी तो भात खाल्ला. चिकट, गरम, गुळाचा चटका जिभेला. सगळा पाडा माझ्या गळ्याकडे बघत होता. शेवटचं शीत खाल्लं आणि जिवाबाबांनी विचारलं, "बाय, तू डहाणूची ना? उद्या येशील?"

"सुट्टी आहे उद्या."

"तरी ये." मग लोकांकडे वळून म्हणाले, "उद्या बघू." हंडा लखमीमावशीच्या तांदळाशिवायच उतरला. तिनं टोपली पदराखाली घेतली आणि घराकडे निघाली, मागं न बघता.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं डॉक्टरकडे नेलं असतं. पोटात जरा गुरगुरलं तरी मी दचकत होते, आणि मग स्वतःवरच चिडत होते. तुकडा मी शोधला होता, रेघ मी पाहिली होती, मग हे काय?

सकाळी दिवाळीची गर्दी चुकवत जीपमधून उतरले आणि पाड्याची वाट धरली. जिवाबाबा वाटेवरच्या दगडावर बसले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पोट बरा हाय?" म्हटलं, हो. "झोप लागली?" म्हटलं, लागली. ते उठले, माझ्यासोबत लखमीमावशीच्या घरापर्यंत आले, तिच्या टोपलीतले मूठभर तांदूळ घेतले आणि शिवेकडे चालू लागले, वाघदेवापुढे ठेवायला. लखमीमावशी उंबऱ्यात उभी होती. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, मग डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन चुलीवर पाणी चढवलं.

भात रटरटायला लागला. तिची लेक जेवायला येऊन बसली. मी चुलीजवळ पाटावर बसले. मनात होतं ते अखेर विचारलंच. "मावशी, काल तुलासुद्धा खात्री नव्हती ना? हा भात चांगला आहे की नाही याची?"

"नव्हती."

"मग मला का खाऊ दिलास? मला काही झालं असतं तर?"

तिनं लाकूड आत सारलं. "म्हणून तं डोल्याला डोला नाय लागला माझ्या." मग म्हणाली, "तू बोललीस ना, काय नाय त्यात. मला ते पटत नव्हतं. पन तू खोटी पडावीस असंबी वाटत नव्हतं."

मला ते लागलं. तिचा आपल्यावर विश्वास आहे असं समजून मी काल त्या पानावर बसले होते. तसं काहीच नव्हतं. तिनं मला घाबरत घाबरत पुढं जाऊ दिलं होतं, आणि घाबरतच वाट बघितली होती. रागवावं की तिच्या गळ्यात पडावं, मला कळेना. तिनं भात उतरवला. लेकीपुढं वाढायला घेतलेलं ताट आधी बाजूला ठेवलं, पानावर स्वतःपुरता वाढून घेतला, गुळाचा खडा मोडला.

"आता तू बस आन माझ्याकं बघ," म्हणाली, आणि घास उचलला.

मी बघत राहिले. त्या भातात काही नाही हे या जगात माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी तिच्या गळ्याखाली तो घास उतरेपर्यंत माझा श्वास अडकलेला होता.